फॉगिंग दोनदा झालं, तरी लिस्टेरिया परत का येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात गोठवलेल्या स्वीटकॉर्न आणि मटारचं युनिट आहे, माल परदेशी जातो. खरेदीदाराने तपासलेल्या पाच पाकिटांपैकी एकात लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा आजार पसरवणारा जंतू सापडला. त्यानंतर पूर्ण हॉलचं दोनदा फॉगिंग झालं, म्हणजे जंतुनाशकाचं धुकं सोडलं. दोन्ही वेळा लगेच घेतलेले स्वॅब निगेटिव्ह आले आणि तीन आठवड्यांनी आयक्यूएफच्या (दाणे सुटे सुटे गोठवणाऱ्या यंत्राच्या) पुढच्या बेल्टवर तो पुन्हा सापडला. आता करायचं काय?

फॉगिंग थांबवा आणि पाना हातात घ्या. फॉगचे थेंब हवेतून खाली बसतात, म्हणजे वरच्या बाजूला तोंड असलेल्या उघड्या पृष्ठभागावर औषध पडतं. बेल्टच्या पोटाला, रोलरच्या आत, गास्केटच्या खाली, पॅनेलच्या फटीत ते पोचत नाही आणि लिस्टेरिया नेमका तिथेच राहतो. शिवाय तिथे तो स्वतःच तयार केलेल्या चिकट थराखाली, म्हणजे बायोफिल्मखाली असतो. तो थर घासल्याशिवाय निघत नाही. काही ठिकाणी अजून फॉर्मालिन आणि पोटॅशियम परमँगनेटचा धूर करतात. तो तर अजिबात करू नका. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे आणि खाद्यपदार्थांच्या हॉलमध्ये त्याला जागा नाही.

हा जंतू ‘थंडीत मरेल’ या भरवशावर कोणी राहू नये. शून्याच्या आसपास तापमानातही तो सावकाश वाढतो, १० टक्क्यांच्या आसपास मीठ सोसतो आणि गोठवल्याने मरत नाही, नुसता थांबतो. युरोपात २०१५ ते २०१८ या काळात पाच देशांत ४७ जणांना एकाच जातकुळीच्या लिस्टेरियाची लागण झाली, त्यातले ९ दगावले. माग काढत काढत तपास हंगेरीतल्या एका गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यापर्यंत पोचला आणि मुख्य संशय गोठवलेल्या मक्यावर आला. २०१६, २०१७ आणि २०१८ या तिन्ही वर्षांच्या मालात तोच जंतू होता, म्हणजे मधल्या सगळ्या धुण्या-निर्जंतुकीकरणातून तो वाचला होता. तुमच्याकडे घडतंय ते याच प्रकारचं आहे.

तयार मालाची पाकिटं तपासून मूळ सापडत नाही, हे मालकांना आधी पटवा. समजा १०० पैकी १ पाकीट दूषित आहे. पाच पाकिटं तपासली तर ते पकडलं जाण्याची शक्यता ५ टक्केही नाही. ६० पाकिटं तपासली तरी ४५ टक्के. उलट जंतूचं घर एका जागी असतं, ओलं असतं आणि रोज तिथेच असतं. म्हणून पैसा पाकिटांवर कमी आणि हॉलमधल्या स्वॅबवर जास्त घाला.

शोध कुठून सुरू करायचा? ब्लँचरच्या, म्हणजे दाणे गरम पाण्यातून काढणाऱ्या यंत्राच्या, तोंडापासून. ९० ते ९५ अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं राहिलेल्या दाण्यावर लिस्टेरिया टिकत नाही. शेतातून मातीसोबत येणारा जंतू तिथे संपला. पाकिटात सापडला तो त्यानंतर चिकटलेला, म्हणजे थंड पाण्याची टाकी, पाणी निथळायची व्हायब्रेटर जाळी, आयक्यूएफचा इनफीड, बोगदा, त्यापुढचा निवडीचा बेल्ट आणि पॅकिंगचा हॉपर एवढाच प्रदेश उरतो. अर्थात ब्लँचरचं तापमान खरंच तेवढं राहतं का, हे चार्टवर बघून घ्या. वीज गेल्यावर लाइन पुन्हा सुरू करताना पहिले क्रेट अर्धवट तापमानात पुढे सरकतात, हे नेहमीचं आहे.

हॉलचा नकाशा छापून त्यावर चार विभाग पाडा. पहिला विभाग मालाला थेट लागणाऱ्या पृष्ठभागांचा. दुसरा त्याला लागून असलेल्या भागांचा: बेल्टची चौकट, मोटारचं कव्हर, कंट्रोल पॅनेलची बटणं. तिसरा त्याच हॉलमधली जमीन, ड्रेन, ट्रॉलीची चाकं, वायपर. चौथा हॉलबाहेरचा: कपडे बदलायची खोली, कच्च्या मालाचा धक्का, कॅन्टीनकडे जाणारा बोळ. पहिल्या फेरीत २५ ते ३० जागा घ्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त दुसऱ्या-तिसऱ्या विभागातल्या असू द्या. बेल्टवर सापडेपर्यंत थांबायचं नसतं. ड्रेनमध्ये आणि मशिनच्या पायाशी तो आधी दिसतो.

स्वॅब कसा आणि कधी घेता यावर निकाल ठरतो. तुमचे दोन्ही निगेटिव्ह रिपोर्ट धुवून आणि फॉगिंग करून लगेच घेतलेले आहेत, त्यांना मी शून्य किंमत देईन. लाइन किमान तीन-चार तास चालू द्या, मग घ्या. कंपनाने, दाबाने, गळणाऱ्या पाण्याने आतला जंतू बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. कापसाची काडी फक्त बोल्टच्या भोकासाठी आणि फटींसाठी ठेवा. सपाट जागेला स्पंजचा स्वॅब वापरा आणि शक्य असेल तिथे १००० चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त क्षेत्र दाबून पुसा. साधारण एक फूट बाय एक फूट म्हणजे ९०० भरतात, यावरून अंदाज येईल. स्पंज भिजवलेला द्रव न्यूट्रलायझर असलेलाच हवा, म्हणजे डे-एंगली ब्रॉथ किंवा लेसिथिन, ट्वीन ८० आणि सोडियम थायोसल्फेट असलेला. नाहीतर पृष्ठभागावर उरलेलं क्लोरिन किंवा क्वाट (क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक) स्पंजमध्येच जंतूला दाबून टाकतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. नमुने बर्फाच्या पॅकमध्ये १ ते ८ अंशांवर, गोठू न देता, २४ तासांत लॅबला पोचवा. पहिल्या विभागाचे स्वॅब कधीही एकत्र मिसळायला देऊ नका. ड्रेनचे पाचपर्यंत एकत्र केले तर खर्च वाचतो, पण पॉझिटिव्ह आल्यावर पुन्हा वेगळे घ्यावे लागतात.

एटीपी मशिन (पृष्ठभागावर उरलेला सेंद्रिय अंश मोजणारं) असेल तर त्याचा उपयोग ‘नीट धुतलंय का’ एवढाच. ते अन्नाचा अंश आणि जंतू यांत फरक करत नाही. कमी आकडा आला म्हणून लिस्टेरिया नाही असं कोणी लिहून देत असेल तर त्याच्याकडून ते लिहून घेऊ नका.

लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असावी आणि तिच्या मान्यतेच्या यादीत ही चाचणी असावी. आयएसओ ११२९०-१ पद्धतीत नमुना आधी हाफ-फ्रेझर या जंतू वाढवायच्या द्रवात ३० अंशांवर एक दिवस, मग फ्रेझरमध्ये ३७ अंशांवर आणखी एक दिवस ठेवतात आणि अलोआ आगारवर लावतात. पक्का रिपोर्ट यायला पाच-सात दिवस जातात. पीसीआरने एक-दोन दिवसांत अंदाज मिळतो. लॅबला तीन गोष्टी आवर्जून सांगा. हॉलच्या स्वॅबमध्ये फक्त मोनोसायटोजेनिस नको, लिस्टेरियाची कोणतीही जात कळवा. दुसरी, सापडलेला जंतू फेकू नका, जपून ठेवा. तिसरी, ड्रेनचा आणि बेल्टचा जंतू एकाच सेरोग्रुपचा, म्हणजे उपगटाचा, आहे का ते बघा. सेरोग्रुप वेगळे निघाले तर जंतूही वेगळे, म्हणजे बाहेरून पुन्हा पुन्हा येत असण्याची शक्यता जास्त. एकच निघाला तर मुक्कामी असल्याचा संशय वाढतो, पण तो पक्का करायला जिनोम सीक्वेन्सिंग करून घ्यावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने सापडलेले जंतू त्यात एकच निघाले तर मुक्काम तुमच्याच मशिनमध्ये आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. आणि ‘फक्त इनोक्युआ (लिस्टेरियाचीच दुसरी जात) सापडला, घातक नाही’ म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका. इनोक्युआ फ्रेझरमध्ये वेगाने वाढून मोनोसायटोजेनिसला झाकून टाकतो. जिथे एक राहू शकतो तिथे दुसराही राहू शकतो. कारखान्याच्या स्वतःच्या लॅबमध्ये लिस्टेरिया वाढवण्याचा उद्योग मात्र करू नका.

आता तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय: आयक्यूएफच्या पुढच्या बेल्टचा पोकळ रोलर. स्टीलच्या नळीच्या दोन्ही टोकांना झाकण वेल्ड केलेलं असतं. कालांतराने वेल्डला केसाएवढी चीर पडते. धुताना गरम पाण्याने रोलर तापतो, आतली हवा चिरेतून बाहेर जाते. मग थंड हॉलमध्ये रोलर गार होताना तीच चीर बाहेरचं पाणी आत ओढते. त्या पाण्यासोबत मक्याचा दुधाळ चीकही जातो. महिन्याभरात आत वाटीभर आंबूस पाणी साठतं. बाहेरून रोलर लखलखीत दिसतो, धुतल्यावर स्वॅब निगेटिव्ह येतो. लाइन चालू झाली की फिरताना थेंब थेंब बेल्टच्या पोटाला लागतो, तिथून कडेच्या पट्टीवर आणि मग मालावर.

तपासायची रीत सोपी आहे. रोलर काढा, कानाशी धरून हलवा, आत खळखळ ऐकू येते का बघा. आवाज आला नाही तर कोरडा पुसून टोकांना साबणाचं पाणी लावा आणि मधला भाग हीट गनने हळू तापवा. चीर असेल तिथे बुडबुडे येतात. बाहेर आलेल्या पाण्याचा स्वॅब घ्या. वेल्डिंग मारून तोच रोलर परत बसवू नका, आतला माल आतच राहतो. भरीव रोलर बसवा, नाहीतर नवा पूर्ण वेल्ड केलेला बसवून दर तिमाहीला ही चाचणी करा. एकदा रोलर खोलायला बसलात की त्याच रांगेतल्या बाकीच्या जागाही बघा: चौकटीच्या पोकळ चौरस पाइपाला पाडलेली भोकं, पायाचे पोकळ नट, बेल्टच्या जोडाजवळचे उसवलेले धागे, टेप लावून केलेली ‘तात्पुरती’ दुरुस्ती, ऑन-ऑफ बटणाचं रबरी टोपण, प्रॉक्सिमिटी सेन्सरचा कंस, पफ पॅनेलची (आत फोम भरलेल्या भिंतीच्या पॅनेलची) फुगलेली कड. पॅनेल बोटाने दाबल्यावर दबलं किंवा पाणी सुटलं, तर ते बदलावंच लागतं. आतला फोम धुता येत नाही.

स्वच्छतेचा क्रम बहुतेक ठिकाणी चुकतो. सगळ्यात आधी पडलेले दाणे कोरडे गोळा करा, पाण्याने ड्रेनकडे ढकलू नका. मग ४५-५० अंशांच्या पाण्याने वरून खाली स्वच्छ धुवा. थंडीत निफाड-दिंडोरी पट्ट्यात टाकीचं पाणी इतकं गार होतं की फोम नुसता पांढरा दिसतो, काम करत नाही. तेव्हा ब्लँचरच्या बॉयलरवरून गरम पाण्याची लाइन घ्या. मग क्लोरिनयुक्त अल्कली फोम १० मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका, आणि हाताने घासा. फोम मारून नुसता धुवून टाकणं म्हणजे अर्धवट काम. मग धुवा, टॉर्च घेऊन बघा, आणि स्वच्छ दिसल्यावरच सॅनिटायझर. बोअरच्या जड पाण्याने स्टीलवर पांढरा क्षार चढतो, त्याखाली जंतूला छान आसरा मिळतो. म्हणून आठवड्यातून एकदा आम्लाचं धुणं हवं. ते आणि क्लोरिनचं काहीही, मग हायपोक्लोराइट असो की वरचा फोम, एका दिवशी जवळ आणू नका. क्लोरिन वायू सुटतो आणि बंद हॉलमध्ये माणसं दगावतात.

सॅनिटायझरची मात्रा डोळ्याने ओतायची नाही. १० टक्क्यांचं हायपो असेल तर १०० लिटर पाण्यात २०० मिली घातल्यावर २०० पीपीएम (लिटरला २०० मिलिग्रॅम) होतं. पण मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला कॅन महिन्याभरात बराच उतरतो, म्हणून पट्टीने मोजायचं. पाण्याचा पीएचही मोजा. पीएच ७ ला क्लोरिनचा तीन चतुर्थांश भाग कामाच्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. बोअरचं पाणी बहुतेक वेळा ८ कडे झुकलेलंच. अशा पाण्यात आणि थंड हॉलमध्ये पेरॅसिटिक आम्ल जास्त भरवशाचं आहे, १५० ते २०० पीपीएम. ५ टक्क्यांच्या कॅनमधून १०० लिटरला ४०० मिली. वास झोंबतो, हातमोजे आणि गॉगल लागतात. क्वाट जमिनीला आणि ड्रेनला ठेवा, ४०० ते ८०० पीपीएम. मालाच्या पृष्ठभागावर वापरलंच तर पिण्याच्या पाण्याने धुवा. युरोपात बेन्झाल्कोनियम क्लोराइडची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो आहे आणि क्लोरेटचीही वेगळी मर्यादा आहे. द्राक्षाच्या जिल्ह्यात एमआरएल (अवशेषांची कमाल मर्यादा) म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.

ड्रेनमध्ये प्रेशर पंपाचा जेट कधीही मारू नका. ड्रेनमधला जंतू तुषारांबरोबर बेल्टपर्यंत उडतो. मशिनचा अखेरचा सॅनिटायझर मारण्याआधी ड्रेन उरकून घ्या. त्याचा ब्रश वेगळ्या रंगाचा, ड्रेनच्या तोंडापेक्षा थोडा अरुंद, आणि तो ठेवायची खुंटीही वेगळी. तो ब्रश बाकीच्या ब्रशांच्याच बादलीत बुडवलेला दिसला तर सगळी रंगसंगती वाया गेली. जाळी आणि बास्केट बाहेर काढून घासा, क्वाटचा फोम भरा, १० मिनिटं थांबा.

आणि मग वाळवा. रासायनिक खर्चापेक्षा सुक्या जमिनीने जास्त फरक पडतो. वायपरने पाणी काढा, पंखे लावा, धुणं संपणं आणि लाइन सुरू होणं यांत दोन तास तरी मोकळे ठेवा. मका नेमका पावसाळ्यात येतो, तेव्हा छताच्या पत्र्यावर आणि कूलिंग युनिटवर पाणी धरतं. ते थेंब बेल्टवर पडताना दिसले तर लाइन थांबवणं हाच उपाय, वरून कापड फिरवणं नाही. युनिटच्या खालच्या ट्रेचं पाणी पाइपने थेट ड्रेनच्या वर, मध्ये मोकळी हवा सोडून नेलेलं असावं. खुल्या जमिनीवर सोडलेलं असेल तर तिथला स्वॅब घेण्याआधीच मी त्याला पॉझिटिव्ह धरेन.

खोलता न येणारं यंत्र असेल, उदाहरणार्थ व्हायब्रेटर जाळीची फ्रेम, तर वाफेचा तंबू. मोटार आणि सेन्सर काढून यंत्र जाड ताडपत्रीने झाका, खालून वाफ सोडा आणि सगळ्यात थंड राहणाऱ्या कोपऱ्यात थर्मोकपल बांधा. तिथे ७१ अंश आल्यावर अर्धा तास मोजा. बाहेरच्या पत्र्यावर ९० दिसतं आणि आत ५० असतं, म्हणून घड्याळ आतल्या आकड्यावर लावायचं. नंतर बेअरिंगला नवं ग्रीस.

थंड पाण्याच्या टाकीचं वेगळं बघा. ब्लँचिंगनंतर दाणे त्यात बुडतात आणि तेच पाणी चिलरमधून फिरत राहतं. स्टार्च जमतं तसं क्लोरिन खाल्लं जातं. सकाळी मोजलेला आकडा दुपारी शून्य असतो. दर तासाला मोजा, टाकी रोज रिकामी करा, आणि प्लेट चिलरचं गास्केट वर्षातून एकदा तरी उघडून बघा.

माणसांची आणि क्रेटची वाट सगळ्यांना माहीत असते, पण पाळली जात नाही. पिंपळगावच्या बाजार समितीत फिरून आलेले क्रेट ब्लँचरच्या पुढे जाता कामा नयेत. दोन्ही बाजूंना क्रेटचा रंग वेगळा ठेवा. फोर्कलिफ्ट एकच असेल तर ती कच्च्या बाजूलाच राहू द्या, पुढे हातगाडी वापरा. फूटबाथमधलं पाणी गढूळ झाल्यावर त्यातून जंतूच पसरतात. दिवसातून तीन-चारदा बदलणं जमणार नसेल तर दारात फोम फवारणारं यंत्र बरं.

कांदा निर्जलीकरण किंवा मसाल्याचं सुकं युनिट असेल तर वरचं बरंच काही उलटं होतं. तिथे भीती साल्मोनेलाची आणि पाणी हाच शत्रू. व्हॅक्यूम, खरवडणं, कोरडा ब्रश, अल्कोहोलचा सॅनिटायझर. सुक्या हॉलमध्ये पाइप लावून धुतलं की महिनोन्महिने निपचित असलेला साल्मोनेला वाढायला लागतो.

पॉझिटिव्ह आल्यावरचा कार्यक्रम आधीच लिहून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या विभागात आला तर त्या जागेभोवती चारही बाजूंनी, वर-खाली, मालाच्या येण्याच्या आणि जाण्याच्या दिशेने, चांदणीसारखे १० ते १५ स्वॅब घ्या. धुण्याआधी घ्या, म्हणजे माग पुसला जात नाही. मग खोला, घासा, दुरुस्त करा, आणि सलग तीन उत्पादन दिवस तीच जागा निगेटिव्ह आल्याशिवाय फाइल बंद करू नका. पहिल्या विभागात आला तर मागच्या पूर्ण धुण्यापासून पुढच्या पूर्ण धुण्यापर्यंतचा सगळा माल अडकवा, फक्त त्या तासाचा नाही. पहिल्या विभागाचे स्वॅब घेण्याच्या दिवशी माल गोदामातच ठेवायची सवय लावली तर परत बोलावण्याची वेळ येत नाही. माल बाहेर गेला असेल तर एफएसएसएआयच्या २०१७ च्या रिकॉल नियमांनुसार कळवणं बंधनकारक आहे. अडकलेला मका पुन्हा वापरता येतो, पण उष्णतेची पायरी सिद्ध केलेली असावी: दाण्याच्या गाभ्यात ७० अंश दोन मिनिटं मिळाली तर लिस्टेरिया दहा लाखात एकापर्यंत खाली येतो. तो माल मग त्याच दूषित बेल्टवरून पॅक करू नका.

सहा आठवडे दर आठवड्याला पूर्ण फेरी करा, मग दर पंधरवड्याला. प्रत्येक निकाल त्याच नकाशावर रंगीत ठिपक्याने मांडा, वहीत नुसती आकड्यांची रांग नको. एका कोपऱ्यात तीन महिन्यांत दोन लाल ठिपके पडले तर मधले सगळे हिरवे असले तरी तो कोपरा खोलायचा. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या काढणी-पॅकिंगला माणसं जातात आणि रात्रपाळीच्या धुण्यावर नवी मंडळी येतात. त्या काळात फेरी कमी करू नका, आणि रोलर खोलण्याचं काम कंत्राटी माणसावर न सोपवता मेंटेनन्सच्या नावावर लिहा, कारण पाना त्यांच्याकडेच असतो.